आत्याचं नाक आणि पहिला आकडा

कंपनीच्या बसमध्ये वास सुटला आणि सगळेजण एकमेकांच्या डब्यांकडे संशयाने बघायला लागले.

मोशीच्या चौकात बस अडकलेली. समोर कंटेनर, मागे कंटेनर. ड्रायव्हरच्या मागचे काका म्हणाले, "उंदीर मेलाय राव कुठंतरी." कुणी सीटखाली मोबाइलचा उजेड मारला, कुणी शेजाऱ्याला मोजे बदलायचा सल्ला दिला. मी मात्र मांडीवरची पिशवी घट्ट धरून, चेहरा शक्य तितका निरागस ठेवून खिडकीबाहेर बघत होते. कारण वास माझ्याच पिशवीतून येत होता.

"कांदा आहे ना?"

आवाज शेजारून आला... अगदी हळू. मी दचकून पाहिलं. टूल रूमचा निळा शर्ट, खिशात पेन्सिल, आणि चोरी पकडल्यासारखे हसणारे डोळे.

"कसला कांदा?"

"सडका. वरून छान दिसणारा आणि आतून गेलेला."

"तुम्हाला बराच अनुभव दिसतोय."

"मागच्या वर्षी आईने स्वस्त मिळतात म्हणून पोतं घेतलं होतं," तो म्हणाला. "अजून बाबा बोलून दाखवतात."

मला हसू आलं, आणि मी ते दाबायचा प्रयत्न केला तर नाकातून विचित्र आवाज निघाला. तो उठला, आमच्या सीटची कायमची अडकलेली खिडकी दोन्ही हातांनी रेटून उघडली आणि पुन्हा शांतपणे बसला. वारा आत आला, बसने श्वास घेतला. वास माझ्या पिशवीतला आहे, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. मग त्याची नजर माझ्या तळहाताकडे गेली.

"हे काय? हातावर आकडे?"

"प्रयोगाचे आहेत."

"आणि हात धुतल्यावर?"

"त्याच्या आधी फोनवर टाकते ना. म्हणजे... बहुतेक वेळा."

नाशिक फाट्याला आम्ही दोघंही उतरलो. तो काहीतरी विचारणार, हे मला दिसत होतं. पण अंगाला कांद्याचा दर्प, केसांची दशा झालेली, हातावर निळी शाई... अशा अवतारात कुणाला नाव सांगायचं?

"हे बघा," मी म्हटलं, "आजची भेट सेटिंग पीस समजा. मोजायची नाही."

आमच्या कंपनीत हा नियम न्हाव्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. नाही, न्हावी नाही आमच्याकडे, पण असता तर त्यालाही असता. मशीन लावलं की पहिला निघालेला पीस कधीच मोजायचा नाही. तो नुसता सेटिंगसाठी. सरळ लाल डब्यात टाकायचा आणि दुसऱ्यापासून मोजायचं.

"नाव तरी सांगा," तो म्हणाला.

"सेटिंग पीसला नाव नसतं!"

कासारवाडी स्टेशनच्या पुलावरून घरी पोचेपर्यंत मी हसत होते. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी तर उगाच मलाही हसून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये चढले तर खिडकीची जागा रुमाल टाकून धरलेली. "आजचा पहिला ओके पीस," तो उभा राहत म्हणाला. "मी अवधूत."

"मैत्री."

"हं. आता सांगा, काय प्रयोग आहे."

मी सांगितलं. कंपनीत मी क्वालिटीमध्ये. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजते. पण घरी, साबणाच्या डबीत एक सेन्सर, बॅटरी आणि आकडे दाखवणारा बोटभर पडदा बसवून मी एक यंत्र बनवलं होतं. कांदा सडायला लागला की त्यातून वायू सुटतो. माणसाला वास यायच्या आधी माझ्या डबीने तो हुंगावा, अशी माझी इच्छा. चाकणच्या बाजाराजवळ माझ्या शालन आत्याची कांद्याची वखार आहे. वखारीच्या कोपऱ्यात आत्याने मला कांदे भरलेली झाकणाची पिंपं ठेवू दिली होती. अर्थात अट घालूनच. आत्याचं नाक अख्ख्या बाजारात प्रसिद्ध. ती ढिगाजवळून नुसती गेली तरी आतला नासका कांदा सांगते.

"माझ्या नाकाआदी तुझ्या डबीनं सांगितलं," ती म्हणाली होती, "तर दसऱ्यानंतर अख्ख्या वखारीत लाव तुझ्या डब्या. न्हाईतर पिंपं उचलायची, अन् गप नोकरी करायची. व्हय का न्हाई?"

मी व्हय म्हटलं होतं. नुसता खेळ नव्हता तो माझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः काहीतरी बनवलं होतं, आणि ते खरं आहे की खोटं, हे दसऱ्याला ठरणार होतं.

"आणि एवढ्या मोठ्या गोष्टीचे आकडे तुम्ही हातावर लिहिता?" अवधूत म्हणाला.

"फोनवर, फळ्यावर, आणि थोडे वखारीच्या पत्र्यावरही."

"आत्याने उद्या विचारलं, हा आकडा कोणत्या दिवसाचा, तर?"

मी तळहात मिटला. तो म्हणाला, "ऑनलाइन प्रयोगवही हवी. शोधू या?"

त्या 'शोधू या'मधला 'या' मला फार आवडला.

मग आमची रोजची बस म्हणजे वधूवर सूचक मंडळ झालं. तो फोनवर एकेक प्रयोगवही उघडायचा आणि मी स्थळ पाहावं तशी तिला न्याहाळायची. पहिली वही दिसायला देखणी. रंग, फोटो, हवा तसा तक्ता. बोट लावलं की काहीही बदलता येतं, खोडता येतं, पान कसं कोरं करकरीत.

"मला हीच पसंत!" मी म्हटलं.

"दिसण्यावर जाऊ नका. यात मागचं पुसलेलं कुणालाच कळत नाही."

"मग चांगलंच आहे की. चुका कशाला मिरवायच्या?"

दुसरी मोठमोठ्या प्रयोगशाळांसाठी केलेली. उघडल्या उघडल्या तिने विभाग विचारला, विभागप्रमुख विचारला, मंजुरी विचारली. विभागप्रमुख म्हणून शालन आत्याचं नाव घालावं का, यावर भोसरीपर्यंत चर्चा झाली. शिवाय वखारीच्या पत्र्याखाली रेंज नाही, आणि रेंज गेली की ही बाई रुसून बसायची.

"श्रीमंताघरचं स्थळ," मी म्हटलं. "आपल्याला झेपणार नाही."

'आपल्याला' म्हणून गेले खरी... अवधूतने माझ्याकडे पाहिलं, मग घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

तिसरी वही दिसायला अगदी रेशनकार्ड. पण रेंज नसतानाही चालायची, नंतर आपोआप जुळायची. उद्या सोडून जायचं म्हटलं तर आपलं सगळं सामान परत द्यायची. आणि एक खोड होती तिला. लिहिलेलं पुसू द्यायचीच नाही. चूक झाली तर वर एक रेघ मारायची, खाली बरोबर लिहायचं, आणि कुणी, कधी मारली ते कायमचं दिसणार.

"ही," अवधूत म्हणाला. "डोळे मिटून ही."

"इतकी रूक्ष? आयुष्यभर चुका समोर दिसत राहणार!"

"दिसू देत की. खोटं तरी वाटणार नाही कधी."

"तू... तुम्ही अगदी टूल रूमवाले आहात!"

"तूच बरं होतं," तो म्हणाला.

शेवटी प्रयोग माझा म्हणून देखणी वही ठरली. त्याने वाद घातला नाही. स्वतःचं नावही त्यात जोडून घेतलं आणि म्हणाला, "स्थळ तुझ्या पसंतीचं. मी आपला करवल्यांमध्ये."

भादव्यात कंपनीत ऑडिट निघालं आणि मला पहिल्या शिफ्टला टाकलं. सकाळी वखार उघडायच्या वेळी मी मशीनपाशी असणार, मग आकडे कोण घेणार? अवधूतची नेमकी सेकंड शिफ्ट होती. "मी घेईन," तो म्हणाला, जणू दुधाची पिशवी आणायची आहे. चिंचवडहून चाकणला रोज सकाळी गाडीवर. मी त्याला शिकवलं, झाकण उघडायचं, डबी आत धरायची, आकडा लिहायचा. आत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि "जय भीम, पावणं" म्हणाली. त्यानेही सहज हात जोडून "जय भीम, आत्या" म्हटलं. रोज म्हणत असल्यासारखं. मला तेव्हाच तो थोडा जास्त आवडला, हे आता सांगून टाकते.

पण आमची बस चुकली. मी परतायची तेव्हा तो कामावर असायचा. खिडकीच्या जागेवर आता कुणीतरी घोरत असायचं. रोज दुपारी फोनवर वहीत आकडे यायचे, आणि मी ते आकडे बघता बघता ते लिहिणारा हात आठवायची. वेडेपणा नुसता.

आकडे मात्र वाईट होते. सपाट. मी घ्यायची तेव्हा कसे खाली-वर व्हायचे, पण आता सगळी पिंपं एकसारखी. माझी डबी मुकी झाली होती. आणि एका दुपारी आत्याचा फोन आला.

"पोरी, निळ्या झाकणाच्या पिंपात खाली नासलाय. म्या आत्ता काढला. तुझी डबी काय म्हणती?"

मी वही उघडली. डबी म्हणत होती, सगळं ठीक आहे.

"काहीच नाही म्हणत, आत्या."

"मग?" ती म्हणाली. तिलाही वाईट वाटलं होतं. "मग ठरलंय तसंच."

त्या गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, मी पिंपं उचलायला चाकणला गेले. अवधूत आधीच आलेला. "शेवटचे आकडे घेऊ दे," तो म्हणाला, आणि पिवळ्या झाकणाच्या पिंपाशी वाकला. मी भिंतीला टेकून बघत होते. त्याने झाकण उघडलं. डबी आत धरली. पडद्याकडे पाहिलं. डबी बाहेर काढली, पुन्हा आत धरली... आणि आता फोनवर आकडा लिहिला.

"थांब," मी म्हटलं. "पहिला आकडा का नाही लिहिला?"

"पहिला? तो..." तो हसून सांगायला लागला आणि मध्येच थांबला. "तो सेटिंग पीस."

रात्रभर झाकणाखाली साठलेला वायू पहिल्याच आकड्यात सापडायचा. झाकण उघडलं की तो उडून जायचा. अवधूतने रोज, नेमाने, कारखान्यातल्या शिस्तीने, माझ्या डबीचं एकमेव खरं बोलणं लाल डब्यात टाकलं होतं.

"निळ्या झाकणाचा पहिला आकडा..." तो पांढराफटक पडला होता. "नेहमी मोठा यायचा, मैत्री. मला वाटायचं, डबी अजून स्थिर झाली नाही."

"म्हणजे तिने सांगितलं होतं! आत्याच्या आधी!" मी त्याचा हात धरला. "मग लिही ना! आठवून लिही. या वहीत मागचं बदलता येतं. कुणाला कळणार नाही."

"आठवून लिहिलेला आकडा खरा नसतो."

"पण झालं तर तसंच ना! तूच पाहिलंस!"

"मोठा होता एवढं आठवतं. किती मोठा, कोणत्या दिवशी, नाही आठवत." तो हटत नव्हता. "मी एवढंच लिहू शकतो की मी पहिले आकडे टाकून दिले. माझ्या नावानिशी."

"त्याने माझं पिंप राहणार आहे का इथे?"

मला रडू कोसळलं. "तुझी शिस्त तुझ्यापाशी ठेव," असं काहीतरी म्हणून मी निघून आले. बसमध्ये डोळे पुसत होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "कांद्याच्या बाजारातून आलीस का गं?" मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कामावर नवीन सेटिंग लागलं. पहिला पीस बाहेर आला. मी न बघता तो उचलला, न बघता लाल डब्यात टाकला, आणि हात तसाच हवेत राहिला. मीही तेच केलं असतं. त्याच्या जागी मी असते तर अगदी तेच, तितक्याच विश्वासाने. फरक एवढाच, की मी नंतर गुपचूप आकडे भरले असते. जेवणाच्या सुट्टीत मी वही उघडली. निळ्या झाकणाच्या रांगेवर बोट ठेवलं तर आकडा लगेच बदलायला तयार. किती सोपं होतं! आणि मग मी घेतलेल्या जुन्या, खऱ्या आकड्यांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? मीसुद्धा का ठेवावा? मला त्या सुंदर पानांची एकदम भीती वाटली. स्वतःच्या चुकीशेजारी सरळ उभं राहून 'ही माझी' म्हणणारा तो लाल कानांचा मुलगा आठवला, आणि इतका अभिमान वाटला की तिथेच, कॅन्टीनमध्ये, डाळ-भातासमोर माझे डोळे भरून आले. आता मात्र कांद्याचं निमित्त नव्हतं.

शिफ्ट सुटल्यावर थेट वखारीत गेले. पिंपं जागच्या जागी होती.

"आत्या, उचलली नाहीस?"

"त्यो आला हुता सकाळी. अवधूत." आत्या तराजूपाशी बसली होती. "म्हणला, चूक माझी हाय, पोरीची न्हाई, डबीची बी न्हाई. दसऱ्यापातुर येळ द्या. मैत्री, चाळीस वरसं झाली मला या बाजारात. कांदा नासला तर वाऱ्यावर ढकलत्यात, पावसावर ढकलत्यात, हमालावर ढकलत्यात. माझ्यामुळं नासला म्हणणारा म्या पयलाच बघितला."

"मग?"

"मग काय? दिला येळ. असल्या माणसाला न्हाई म्हणवत न्हाई."

मी तिथूनच त्याला फोन लावला. तो मशीनवर होता, मागे खडखडाट.

"तिसरं स्थळ अजून मोकळं आहे का?" मी विचारलं.

"कोणतं?"

"रेशनकार्ड. पुसू न देणारं."

त्याने मशीन थांबवलं. मग तो म्हणाला, "आहे. तुझीच वाट बघतंय."

नव्या वहीत आम्ही सगळं हलवलं. सपाट आकडे जसेच्या तसे, आणि त्यांच्यावर त्याने स्वतः मारलेली रेघ, खाली त्याचं नाव. मी शेजारी लिहिलं, पद्धत समजावून सांगताना मी नुसतं 'आकडा' म्हटलं, 'पहिला आकडा' म्हटलं नव्हतं. आमच्या दोघांच्या चुका एकाखाली एक बसल्या. मला ते पान त्या देखण्या वहीपेक्षा सुंदर दिसलं.

ऑडिट आटोपलं होतं, माझी शिफ्ट बदलली. आता रोज सकाळी दोघंही जायचो, मी झाकण उघडायची, तो डबी धरायचा, आणि पहिला आकडा दोघं एकदमच मोठ्याने वाचायचो. दसरा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी पिवळ्या झाकणाखाली आकडा उडी मारून चढला.

"आत्या! पिवळं!"

आत्या आली. वाकली. डोळे मिटून हुंगलं. "चांगला हाय."

दुसऱ्या सकाळी आकडा आणखी वर. आत्याने पुन्हा हुंगलं. "चांगलाच हाय म्हणते ना!" तिसऱ्या सकाळी ती वाकली आणि तशीच राहिली. मग तिने पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातला, आणि तळातून एक कांदा वर काढला. वरून लालबुंद, देखणा. तिने अंगठ्याने दाबला, अंगठा आत गेला.

आत्या त्या कांद्याकडे बघत राहिली. मग माझ्या डबीकडे. मग तिने आपलं नाक पदराने पुसलं. "हरलं बाई माझं नाक," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू जिंकली तीच. "लाव पोरी. अख्ख्या वखारीत लाव."

ती शेजारच्या गाळ्यात सांगायला धावली. आम्ही दोघं पिंपांपाशी उरलो. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात कांद्याची सालं तरंगत होती. अवधूत फोनवर आकडा लिहीत होता. नको इतका वेळ लावून.

"अवधूत."

"हं?"

"मला तू आवडतोस. खूप. हे मी पुसणार नाहीये."

त्याच्या हातून फोन पिंपात पडला. कांद्यांवर पडला म्हणून वाचला.

"मी... मीच बोलणार होतो. दसऱ्याला. सोनं देताना. तयारी पण केली होती मी—"

"थांब, आधी एक सांग." मला हे विचारायलाच हवं होतं. "आम्ही जय भीमवाले. तुझ्या घरी माहीत आहे? उगाच नंतर कुणी दचकायला नको."

"आईला माहीत आहे. नंतर तुझं नाव सांगितलं तसं आडनावही सांगितलं. दोन दिवस गप्प होती." त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग म्हणाली, मुलीला जेवायला घेऊन ये. फक्त कांदे आणू नका म्हणावं."

"आणि बाबा?"

"बाबांना अजून वेळ लागतोय. लपवणार नाही तुझ्यापासून. पण मी त्यांना सांगायचं थांबणार नाही."

मला तेवढं पुरलं. "आईला कधी सांगितलंस पण? दिवस सांग. आता आपण तारखेशिवाय बोलत नाही."

तो हसला. कान लाल. "आपण पहिल्यांदा बसमधून उतरलो त्याच संध्याकाळी. म्हटलं, एक मुलगी भेटली, पिशवीत सडके कांदे, हातावर आकडे, नाव सांगत नाही. आई म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काही नाही, मला ती आवडली."

"अरे, पण तो सेटिंग पीस होता! मोजायचा नाही म्हटलं होतं ना मी!"

"सगळे पहिले आकडे टाकले, मैत्री," तो म्हणाला. "तेवढा एक नाही टाकला."

मी काहीतरी चुरचुरीत बोलणार होते, तेवढ्यात दारातून आत्याचा आवाज आला. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"कांद्याचं डबीनं आदी सांगितलं, ह्ये कबूल," ती म्हणाली. "पर तुमचं? ते माझ्या नाकाला कवाच कळलं हुतं!"

अवधूतने माझा हात धरला. तळहातावर शाईचा एक ठिपकाही नव्हता, तरी तो बराच वेळ तिथेच बघत होता.